नॉर्मल किती, ते तरी माहीत हवं ना!

एक सोपा प्रश्न. तुमच्या कॉलेजच्या गेटवर आत्ता तापमान किती आहे? मोबाईल काढाल, सांगाल. एप्रिल-मेमध्ये तर सोलापूरकराला मोबाईलही लागत नाही, घामावरूनच बेचाळीस की त्रेचाळीस ते कळतं. हवेतल्या धुळीचा आकडाही शोधला तर मिळतो. उजनीत पाणी किती टक्के, हे तर रिक्षावाले काकाही सांगतात.

आता दुसरा प्रश्न. त्याच गेटवर किरणोत्सर्गाची पातळी किती आहे?

‘काय बे, आपल्या गेटवर कुठून आला किरणोत्सर्ग?’ असं कुणीतरी म्हणणारच. तर तो आहे. गेटवर आहे, वर्गात आहे, तुमच्या डब्यातल्या केळ्यात आहे आणि तुमच्या शरीरातही आहे. आपल्या अंगातल्या पोटॅशियममुळे दर सेकंदाला चार-पाच हजार अणू फुटत असतात. त्याला घाबरायचं कारण नाही, माणूस जन्माला आला तेव्हापासून ते चालू आहे. आकाशातून येणारे वैश्विक किरण, जमिनीतलं युरेनियम-थोरियम, हवेतला रेडॉन वायू हे सगळं मिळून जगात सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट इतका नैसर्गिक डोस मिळतो. जागेप्रमाणे तो बदलतो. केरळात कोल्लमजवळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत थोरियम भरपूर, तिथे तो कितीतरी जास्त. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर राहतो. बेसॉल्टमध्ये हे पदार्थ कमी, म्हणून आपल्याकडे जमिनीतून येणारा डोस कमी. भुईकोट किल्ल्याच्या भिंतीला टेकून गप्पा मारताना निदान ही एक काळजी नको.

मुद्दा असा, की ‘कमी’ म्हणजे नक्की किती हे आपल्या शहरातल्या आपल्यासारख्या कुणी मोजलंय का? ताप आलाय हे कळायला ताप नसताना अंग किती गरम असतं ते आधी माहीत असावं लागतं. उद्या कुणी व्हॉट्सअॅपवर टाकलं, की अमुक ठिकाणी किरणोत्सर्ग दुप्पट झालाय, तर तुम्ही कशाच्या दुप्पट म्हणून विचाराल?

सोलापुरात अणुभट्टी नाही, मान्य. पण किरणोत्सारी वस्तू अणुभट्टीतच असते असं कुणी सांगितलं? २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय झालं ते आठवा, म्हणजे वाचा, कारण तुम्ही तेव्हा लहान असाल. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा इरॅडिएटर वर्षानुवर्षं वापराविना पडून होता. आत कोबाल्ट-६० होतं. विद्यापीठाने तो लिलावात भंगार म्हणून विकला. भंगारवाल्यांनी तो फोडला. कुणाची त्वचा काळी पडली, कुणाचे केस गळाले, दवाखान्यात गर्दी झाली आणि एक जण गेला. देशाच्या राजधानीत, नावाजलेल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून ही वस्तू बाहेर पडली, लिलावातून गोदामात गेली, तिथे फोडली गेली आणि एवढ्या प्रवासात कुणाकडेही साधं मोजण्याचं यंत्र नव्हतं. शेवटी माणसाची कातडीच यंत्र झाली.

आता आपल्याकडे या. कॅन्सरवर उपचार करणारी रुग्णालयं शहरात आहेत, बार्शीत आहेत. एक्स-रे सेंटर तर गल्लीगल्लीत. (एक्स-रे मशिन बंद केलं की किरण बंद होतात, कोबाल्टचे होत नाहीत. हा फरक परीक्षेत विचारत नाहीत, पण लक्षात ठेवा.) २०१२ मध्ये कॅगने अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची तपासणी केली. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती. बाकी जवळजवळ ९१ टक्के नोंदीबाहेर. तेव्हापासून नोंदणी बरीच वाढली, पण मोजणाऱ्यांची संख्या मोजायच्या वस्तूंपेक्षा नेहमीच कमी असते, हे त्या आकड्याने एकदा कायमचं दाखवून दिलं.

फताटेवाडीचं एनटीपीसी घ्या. १,३२० मेगावॅट, कोळशावर. कोळशात युरेनियम-थोरियम अगदी अंशरूपाने असतं, कोळसा जळतो आणि राखेत त्याचं प्रमाण काही पटींनी वाढतं. म्हणजे राख घातक झाली असं नाही. त्या राखेची खरी डोकेदुखी म्हणजे धूळ आणि जड धातू. पण आहेरवाडीच्या शेतावर राख उडते तेव्हा तिच्यात काय आहे नि काय नाही, हे सांगायला गावाकडे काही असतं का? कंपनी सांगते ते किंवा अफवा सांगते ते, एवढंच.

आणि आता खरा विषय. ट्रॉम्बे.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघता, सकाळी दादरला उतरता. तिथून हार्बर लाइनवर जाऊन मानखुर्दला उतरलात, की डोंगराच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. आपल्यातले बरेच जण तिथे शिकाऊ उमेदवार व्हायची स्वप्नं बघतात, आणि बघावीच. १९५४ पासून तिथे काम चालू आहे. ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा ही आशियातल्या पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक तिथे सुरू झाली. १९६० मध्ये सायरस, १९८५ मध्ये ध्रुव. ज्या महाराष्ट्रात आपण राहतो त्याच्या राजधानीच्या आत, चेंबूर-गोवंडीच्या दाट वस्तीला लागून, देशातलं सगळ्यात मोठं अणुसंशोधन संकुल आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. खाडीत मासेमारी करणारा ट्रॉम्बेचा कोळीवाडा केंद्राच्याही आधीपासूनचा.

केंद्रातून प्रक्रिया केलेलं, कमी तीव्रतेचं द्रव खाडीत सोडलं जातं. हे गुपित नाही. केंद्राच्याच शास्त्रज्ञांनी मुंबई बंदराच्या गाळातल्या सीझियम-१३७ वर शोधनिबंध लिहिलेत. त्यांची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा मासे, गाळ, पाणी नियमित तपासते. त्यांचं म्हणणं, सगळं मर्यादेच्या आत आहे. ते खरं असेलही. माझा अंदाज विचाराल तर बहुतेक खरंच असेल. त्या प्रयोगशाळांत बसलेले लोक आपल्याच कॉलेजांतून गेलेले आहेत, खोटारडे नाहीत.

पण तुम्ही सेमिस्टरचा पेपर स्वतः काढला, स्वतः सोडवला, स्वतः तपासला आणि ‘नव्वद मार्क पडले’ म्हणून घरी सांगितलं, तर आई काय म्हणेल?

ट्रॉम्बेत बरोबर हेच झालंय. १९८३ मध्ये एईआरबी स्थापन झालं. सुरक्षेवर नजर ठेवणं हे त्याचं काम. पण ते उत्तर देणार अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचे सचिव. ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांच्याच हाताखाली. ए. गोपालकृष्णन हे १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात, १९९५ मध्ये, मंडळाने देशातल्या अणुकेंद्रांमधल्या सुमारे १३० सुरक्षाविषयक मुद्द्यांची यादी केली. ती यादी लोकांना दाखवा, अशी मागणी घेऊन पीयूसीएल आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. नाही म्हणाले. सर्वोच्च न्यायालयात गेले. २००४ मध्ये तिथेही नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याचं कलम १८ आडवं आलं, ज्यात सरकार माहिती ‘गोपनीय’ ठरवू शकत होतं.

आणि मधल्या काळात काय झालं? २००० मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रच एईआरबीच्या देखरेखीतून बाहेर काढलं. केंद्राची सुरक्षा केंद्राचीच अंतर्गत समिती बघणार. तारापूरच्या वीजनिर्मिती करणाऱ्या भट्ट्यांचे आकडे आपल्याला एईआरबीच्या वार्षिक अहवालात वाचता येतात, भोवतालच्या लोकांना किती डोस पोहोचला, मर्यादेच्या किती टक्के, असं तिथे छापलेलं असतं. सर्वसामान्य माणसासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. वाचा ते अहवाल, कंटाळवाणे आहेत पण वाचा. ट्रॉम्बेच्या बाबतीत मात्र बाहेरच्या डोळ्यांची ती एक जोडीही राहिली नाही. १९९१ च्या डिसेंबरात सायरस आणि ध्रुवच्या परिसरात नळवाहिनीतून किरणोत्सारी द्रव गळून माती दूषित झाली होती, तेव्हा निदान तपासायला मंडळ होतं.

अण्वस्त्रांचं काम चालतं म्हणून गुप्तता लागते, असं यावर उत्तर मिळतं. ठीक. भट्टीत काय बनतं, किती बनतं, ते नका सांगू. आम्हाला विचारायचंच नाही. पण खाडीतल्या बोंबलात काय आहे, हे गुपित कसं होईल? बोंबील तर बाजारात येतो. कुंपणाच्या आत काय आहे ते देशाच्या सुरक्षेचं, आणि कुंपणाबाहेर काय आलं ते लोकांच्या आरोग्याचं. ही रेघ ओढायला एवढी वर्षं का लागावीत?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ नावाचा नवा कायदा मंजूर केला, १९६२ चा कायदा बाजूला गेला, एईआरबीला कायद्याने स्थान मिळालं. चांगलं झालं. पण त्याच कायद्याने खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचं दार उघडलं. आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसीने तर राजस्थानात माही-बांसवाड्याला अणुवीज प्रकल्पात भागीदारी घेतलेलीच आहे. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत, तुमच्या नोकरीच्या काळात, मोजायच्या जागा वाढणार आहेत. मोजणारे वाढणार आहेत का?

दुसरीकडे लोकांनी काय केलं ते बघू. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात भट्ट्या वितळल्या. सरकारने प्रकल्पाभोवती गोल वर्तुळं काढली, इतक्या किलोमीटरच्या आतले बाहेर पडा. पण वारा काही कंपास घेऊन वाहत नाही. तो वायव्येला गेला. नामिए गावातले लोक सुरक्षित म्हणून त्सुशिमा भागात पळाले, आणि ढग त्याच बाजूला सरकला. वारा कुठे जाईल याचं गणित करणारी यंत्रणा सरकारकडे होती, तिचे नकाशे लोकांपर्यंत वेळेत पोहोचले नाहीत. वर्तुळाच्या बाहेरचं इइताते गाव रिकामं करायचा आदेश निघाला तो एप्रिलच्या उत्तरार्धात.

त्या गोंधळात काही तरुणांनी ‘सेफकास्ट’ सुरू केलं. गायगर काउंटर बाजारातून संपले होते, म्हणून त्यांनी स्वतः यंत्रं जोडली. डब्यासारखं यंत्र गाडीच्या काचेला अडकवायचं, जीपीएस जोडायचं, गाडी चालवत जायचं, दर पाच सेकंदांनी एक रीडिंग. सगळे आकडे नेटवर, कुणालाही फुकट, कुणाचीही परवानगी न घेता वापरता येतील असे. पुढे ती मोजणी जगभर पसरली आणि नोंदी कोट्यवधींवर गेल्या. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ते म्हणाले, आम्ही अणुऊर्जेच्या बाजूचे नाही आणि विरोधातलेही नाही, आम्ही आकड्यांच्या बाजूचे. त्यामुळे दोन्हीकडच्यांना त्यांचे आकडे वापरावे लागले.

त्याआधी पंचवीस वर्षं, १९८६ मध्ये चेर्नोबिल झालं तेव्हा फ्रान्समधले सरकारी तज्ज्ञ सांगत होते, आपल्याकडे काळजीचं कारण नाही. जीवशास्त्र शिकवणाऱ्या मिशेल रिव्हासी आणि त्यांच्या सोबत्यांना ते पटेना. त्यांनी व्हॅलान्स शहरात ‘क्रिराड’ नावाची स्वतंत्र प्रयोगशाळा काढली. लोक भाजी, दूध, माती घेऊन यायचे. एका शिक्षिकेने चालू केलेलं काम, आजही चालू आहे.

आपल्या देशातही झालंय. १९९१ मध्ये सुरेंद्र आणि संघमित्रा गाडेकर या दांपत्याने राजस्थानातल्या रावतभाटा अणुवीज केंद्राजवळची पाच गावं आणि ५० किलोमीटरपलीकडची चार गावं घेतली आणि घरोघरी आरोग्याची पाहणी केली. जवळच्या गावांत जन्मजात व्यंगं जास्त दिसली. अणुऊर्जा खात्याला ते निष्कर्ष मान्य नव्हते. वाद झाला, होऊ दे. पण ‘लांबची गावं तुलनेला घ्यायची’ ही शिस्त त्यांनी पाळली, हे विसरू नका. नुसतं जवळच्या गावात जाऊन आजारी माणसांचे फोटो काढले असते, तर ती पाहणी झाली नसती.

महाराष्ट्राला खरं तर मोजणाऱ्यांची परंपरा आहे. २००१ चा ‘कोवळी पानगळ’ अहवाल आठवतो का? डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव बालमृत्यू मोजले, तर ते सरकारी आकड्यांच्या कितीतरी पुढे निघाले. सरकारला समिती नेमावी लागली. आणि आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण तर घरचंच. बार्शी. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यात माणूस कशाने गेला याचा कागद नसायचा, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावांत जाऊन माणसांशी बोलायचे, लक्षणं ऐकायचे, संशयित रुग्णाला तपासणीला आणायचे. पुण्या-मुंबईचे लोक बार्शी म्हटलं की बार्शी लाइट रेल्वे आठवतात. मला ही नोंदणी आठवते. कॅन्सर वाढला असं म्हणायला आधी किती होता हे माहीत हवं, आणि ते आपल्या जिल्ह्याने देशाला खेड्यात करून दाखवलं.

यातली एक गंमत सांगतो. या नोंदणीला तांत्रिक आधार मुंबईच्या टाटा मेमोरियलचा, आणि टाटा मेमोरियल अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत. म्हणजे भट्टी चालवणारं खातं तेच, खाडी मोजणारं तेच आणि कॅन्सरवर उपचार करणारंही तेच. टाटाने लाखो गरिबांवर उपचार केलेत, त्या ऋणाबद्दल दुमत नाही. पण सगळी उत्तरं एकाच घरातून येत असतील, तर निदान प्रश्न तरी दुसऱ्या घरातून जायला हवेत.

ते दुसरं घर म्हणजे तुम्ही. कॉलेज. विद्यापीठ. भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये गायगर काउंटर असतो. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला त्याचं प्लॅटो काढून जर्नलमध्ये आलेख चिकटवतात आणि तो परत कपाटात जातो. काही हजार रुपयांत जुळवाजुळव करून, ट्यूब आणि अर्डुइनो वापरून तो घरीही बनवता येतो. इंजिनिअरिंगची पोरं तर मिनी प्रोजेक्टला विषय नाही म्हणून रडत असतात.

मात्र इथे मी जरा कडक बोलणार आहे. कारण हौशी माणसाच्या हातात काउंटर म्हणजे माकडाच्या हातात कोलीत व्हायला वेळ लागत नाही.

पहिलं, एका मिनिटात २५ टिकटिक झाल्या, तर त्यात पाच इकडे-तिकडे हा निव्वळ योगायोगाचा खेळ. आता २५, पुढच्या मिनिटाला ३२, म्हणून ‘अठ्ठावीस टक्क्यांनी वाढ!’ असा स्टेटस टाकलात, तर तुमचे सर तुम्हाला वर्गाबाहेर काढतील आणि बरोबरच करतील. वर्गमूळाचा नियम आहे. दहा मिनिटं मोजा, २५० येतील, तेव्हा फरक सोळाच्या आसपास म्हणजे सहा टक्क्यांवर येतो. शंभर मिनिटं मोजलीत तर दोन टक्क्यांवर. किरणोत्सर्ग मोजणं हे मुळात बसून राहण्याचं काम आहे. क्रिकेटची कसोटी, टी-ट्वेंटी नाही.

दुसरं, पाऊस. ही सगळ्यात मजेशीर गोष्ट. हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेले शिसे आणि बिस्मथचे किरणोत्सारी कण पावसाच्या सरीबरोबर खाली येतात. त्यामुळे पाऊस पडताना काउंटर सरळ वर जातो, कुठेही, अणुभट्टी असो वा नसो. या कणांचं अर्धायुष्य वीस-सत्तावीस मिनिटांचं, म्हणून दोन-तीन तासांत आकडा परत जागेवर. ज्याला हे माहीत नाही तो पहिल्या पावसात गावभर बोंब मारत सुटेल.

तिसरं, माणसं. थायरॉइडच्या उपचाराला किरणोत्सारी आयोडीन देतात, हृदय-हाडांच्या स्कॅनला टेक्नेशियम देतात. असा रुग्ण शेजारून गेला तर काउंटर किंचाळतो. दवाखान्याजवळच्या बसस्टॉपवर एकच मोठं रीडिंग आलं, तर आधी हा विचार करा. आणि कृपा करून त्या माणसाकडे बोट दाखवू नका, तो आजारातून उठतोय.

चौथं, काउंटरला सगळं दिसत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियम मिसळलं गेलं होतं. पन्नासहून जास्त कर्मचाऱ्यांच्या अंगात ते गेलं, आणि कळलं ते नेहमीच्या लघवी तपासणीत. तुमचा गायगर काउंटर त्या कूलरला चिकटवून ठेवला असता तरी गप्प राहिला असता. ट्रिशियमचे बीटा कण इतके दुबळे, की ट्यूबची काचही ओलांडत नाहीत. मासा, दूध, गाळ तपासायचा तर गॅमा स्पेक्ट्रोमीटर लागतो, तो महाग आणि प्रयोगशाळेतच. म्हणजे काउंटर गप्प आहे याचा अर्थ सगळं ठीक, असंही नाही.

आणि पाचवं, सीझियम सापडलं म्हणजे ट्रॉम्बेतून गळलं असं लगेच म्हणायचं नाही. १९५०-६० च्या दशकात अमेरिका-रशियाने हवेत बॉम्ब फोडले, त्यांचं सीझियम जगभर पसरलं. अर्धायुष्य तीस वर्षं, म्हणून अजून आहे. पुरेशा चांगल्या यंत्रावर आपल्या अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या मातीतही त्याचा माग लागेल. म्हणूनच तर लांबच्या जागेचे आकडे लागतात. ट्रॉम्बेच्या गाळाची तुलना कशाशी करणार? जिथे अणुभट्टी नाही, कधी नव्हती, खडक बेसॉल्टचा, अशा जागेशी.

म्हणजे आपल्याशी. ‘सोलापुरात अणुभट्टी नाही, मग आपण कशाला’ या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. अणुभट्टी नाही म्हणूनच. रावतभाट्याला जशी लांबची चार गावं लागली, तसं ट्रॉम्बे-तारापूरला लांबचं एक शहर लागेल. ते काम करायला मुंबईला जावं लागत नाही, कुणाच्या कुंपणाजवळ जाऊन पोलिसांशी हुज्जत घालावी लागत नाही. (मुंबईतल्या मित्रांना मात्र सांगा, मोजायचंच असेल तर सार्वजनिक रस्त्यावर, कॉलेजचं पत्र खिशात ठेवून, आणि केंद्राच्या दिशेने मोबाईलचा कॅमेरा न रोखता. तो प्रतिबंधित परिसर आहे, तिथे हिरोगिरी अंगाशी येते.)

अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाने ठरवलं तर संलग्न कॉलेजांतून जिल्हाभर दर महिन्याला एक रीडिंग, एवढं एनएसएसच्या कामात सहज बसतं. वृक्षारोपणाच्या त्याच खड्ड्यात दरवर्षी तेच रोप लावण्यापेक्षा बरं. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचा नकाशा दोन वर्षांत भरेल. आकडे पहिल्या दिवसापासून खुले ठेवायचे, चुकलेले सुद्धा. यंत्र दरवर्षी एकदा प्रमाणित स्रोतावर तपासून घ्यायचं, आणि त्यासाठी अणुऊर्जा खात्याच्याच माणसांना बोलवायचं. येतील. मला वाटतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कुणीतरी नीट विचारण्याचीच वाट असेल. आजवर त्यांच्याकडे एक तर हारतुरे घेऊन लोक गेले, नाही तर मोर्चे घेऊन. वही घेऊन फार कमी गेले.

दुसऱ्या बाजूने माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा, साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये. ‘ठाण्याच्या खाडीतल्या मासळीचे मागच्या पाच वर्षांचे सीझियम-१३७ चे आकडे द्या.’ एवढंच विचारायचं. भट्टीबद्दल, इंधनाबद्दल अवाक्षर नाही. सुरक्षेचं कारण देऊन नाकारलं तर अपील करायचं, आणि नकाराचा कागदही जपून ठेवायचा. माशाचा आकडा देशाच्या सुरक्षेला कसा धोका आहे, हे कुणालातरी सही करून लिहून द्यावं लागेल. ते वाचायला मला आवडेल.

मृगाच्या आधी सुरू करता आलं तर उत्तम. कॉलेजच्या गच्चीवर कोरड्या दिवसांत आठवडाभर, रोज एकाच वेळी, अर्धा-अर्धा तास मोजा. यंत्र जमिनीपासून एक मीटर उंच, दर वेळी त्याच जागी. तिघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचे आकडे न बघता. मग पहिली सर येईल तेव्हा पळत गच्चीवर जा, छत्री आणि प्लॅस्टिकची पिशवी यंत्राला आधी, स्वतःला नंतर. दर दहा मिनिटांनी आकडा लिहा, तीन तास. आलेख वर गेला आणि हळूहळू उतरला, तर समजा यंत्रही ठीक आहे आणि तुम्हीही. वहीत रकाने हे ठेवा: तारीख, वेळ, जागा, यंत्राचा नंबर, किती मिनिटं मोजलं, किती टिकटिक, मोजणाऱ्याचं नाव. आणि शेवटचा रकाना, जो सगळे विसरतात: पाऊस होता का, आणि थांबून किती वेळ झाला होता.